बोटं आखडतात म्हणून गोळी बंद केली, आता काय करू?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. माझं वय ६१. निपाणीजवळच्या खेड्यात राहते. गेल्या वर्षी डाव्या बाजूच्या स्तनाचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी पण काढल्या. मग केमो झाली, रेडिएशनचे शेक झाले. त्यानंतर डॉक्टरांनी लेट्रोझोल नावाची गोळी दिली. रोज एक, पाच वर्षं घ्यायची म्हणाले. सात महिने घेतली. तिसऱ्या महिन्यापासून सकाळी बोटं मिटतच नाहीत, गुडघे धरतात. मी लहानपणापासून विड्या वळते. पूर्वी दिवसाला हजार व्हायच्या, आता निम्म्या पण होत नाहीत. शेजारच्या बायका म्हणतात, तुझी पाळी जाऊन अकरा वर्षं झाली, आता अंगात कसले हार्मोन? गावात एक जण चूर्ण देतात, ते म्हणाले, ही सगळी उष्णता आहे, गोळी बंद करा. तीन आठवडे झाले, बंद केलीय. मुलाला सांगितलं नाही. डॉक्टरांकडं जायची भीती वाटते, रागावतील. आणखी एक, लिहायला लाज वाटते. खाली फार कोरडं पडतं, लघवीला आग होते. काय करू?

उत्तर

अक्का, उद्या सकाळी दवाखान्यात फोन करा आणि एवढंच सांगा की तीन आठवडे गोळी बंद आहे, कारण हाताची बोटं वळत नाहीत. तुमचं दुखणं मनाचं नाही. ते बहुतेक गोळीमुळंच आहे आणि त्यावर करण्यासारखं पुष्कळ आहे. पण डॉक्टरांना कळल्याशिवाय त्यातलं काहीच सुरू होणार नाही. गोळी गुपचूप बंद ठेवली तर बोटं थोडी मोकळी होतील, पण आजाराला परत यायची वाटही मोकळी राहील.

रागावतील या भीतीनं थांबू नका. मी बरीच वर्षं कर्करोगाच्या वॉर्डात परिचारिका होते. ही गोळी मधेच सोडणाऱ्या बायका भारतात आणि भारताबाहेर पुष्कळ आहेत, आणि त्यामागं सांध्यांचं दुखणं हे फार मोठं कारण आहे. तुमच्या डॉक्टरांना हे माहीत असतं. मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. 'दोन-तीन महिन्यांत सांधे धरू शकतात, तसं झालं तर थांबू नका, लगेच या' हे एक वाक्य गोळी लिहून देताना कितीतरी बायकांना कुणी सांगतच नाही. मग दुखायला लागलं की बाई घरात बसून आपलं आपणच ठरवते. यात तुमचा काही दोष नाही.

आता शेजारणींचा प्रश्न. तो अगदी बरोबर जागेवर बोट ठेवणारा आहे, म्हणून नीट सांगते. पाळी गेली म्हणजे अंडाशयानं इस्ट्रोजेन हा हार्मोन बनवणं थांबवलं. पण अंगातलं सगळं इस्ट्रोजेन संपत नाही. दोन्ही मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या लहान ग्रंथी असतात. त्या पुरुषी म्हटले जाणारे हार्मोन थोड्या प्रमाणात आयुष्यभर बनवत राहतात. आपल्या चरबीत, स्नायूंत, त्वचेत अरोमाटेज नावाचं एक एन्झाइम असतं, ते या हार्मोनचं इस्ट्रोजेन करून टाकतं. पाटाचं पाणी बंद झालं तरी विहिरीला पाझर लागतोच, तसं हे आहे. साठ वर्षांच्या बाईला तेवढं थोडं इस्ट्रोजेन एरवी त्रास देत नाही. पण ज्या कर्करोगाच्या पेशी इस्ट्रोजेनवरच वाढतात, त्यांना तेवढंही पुरतं.

तुमच्या फाइलमध्ये गाठीच्या तपासणीचा एक कागद असेल. त्यावर 'ईआर' आणि 'पीआर' अशी अक्षरं शोधा, किंवा नातवाला शोधायला सांगा. त्यातल्या निदान एकापुढं 'पॉझिटिव्ह' लिहिलेलं असणार, कारण ते नसेल तर ही गोळी देतच नाहीत. त्याचा अर्थ, तुमच्या गाठीच्या पेशींना इस्ट्रोजेन पकडायच्या जागा आहेत. लेट्रोझोल त्या अरोमाटेजलाच रोखते. गोळी रोज पोटात गेली की रक्तातलं इस्ट्रोजेन ९० टक्क्यांहून जास्त खाली येतं. अॅनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन या याच घराण्यातल्या दुसऱ्या दोन गोळ्या. टॅमॉक्सिफेन ही जुनी गोळी मात्र वेगळी. ती इस्ट्रोजेन बनणं थांबवत नाही, स्तनातल्या पेशींमधल्या त्या जागा अडवून बसते.

ही नवी टूम नाही, हेही शेजारणींना सांगा. १८९६ साली ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या सर्जननं स्तनाचा कर्करोग पसरलेल्या बायकांची अंडाशयं काढली आणि काहींच्या गाठी लहान झाल्याचं दाखवलं. इस्ट्रोजेन म्हणजे काय हेसुद्धा तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. आज शस्त्रक्रियेऐवजी त्याच विचारानं एक लहानशी गोळी देतात.

आणि ऑपरेशन, केमो, शेक सगळं झाल्यावर परत गोळी कशाला? कारण डोळ्याला किंवा स्कॅनला न दिसणाऱ्या थोड्या पेशी शरीरात कुठंतरी राहिलेल्या असू शकतात. तुमच्या प्रकारच्या कर्करोगाची खोड अशी की तो उशिरा परततो. परत येणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त वेळा तो पाच वर्षं उलटल्यावर येतो. टॅमॉक्सिफेन पाच वर्षं नीट घेतलेल्या बायकांत या आजारानं होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले, हे हजारो बायकांना पंधरा वर्षं तपासून कळलेलं आहे. पाळी गेलेल्या बायकांत तुमची गोळी टॅमॉक्सिफेनपेक्षाही जास्त राखण करते. केमोत केस गेले, उलट्या झाल्या, तेव्हा औषध चाललंय हे दिसत होतं. ही गोळी काही दाखवत नाही, त्यामुळं तिची किंमत कळत नाही. पण ईआर पॉझिटिव्ह आजारात केमोइतकंच, पुष्कळ बायकांच्या बाबतीत केमोपेक्षाही जास्त काम हीच करते.

आता तुमच्या हातांबद्दल. तुमचं पोट त्या हातांवर आहे, म्हणून इथं जरा थांबते.

इस्ट्रोजेन एकदम खाली गेलं की सांधे, त्यांच्या भोवतीचे पडदे, बोटांच्या दोऱ्या यांना ते जाणवतं. ही गोळी घेणाऱ्या जवळजवळ निम्म्या बायकांना कमी-जास्त त्रास होतो. सकाळी उठल्यावर जास्त, मग हालचाल झाली की जरा मोकळं. बहुतेकींना तो पहिल्या दोन-तीन महिन्यांत सुरू होतो, सहाव्या महिन्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतो, आणि पुढं पुष्कळजणींचा कमी होतो. तुमचं अगदी तसंच झालंय. धीर देणारी गोष्ट ही की संधिवातात सांधा झिजतो, बोटं वाकडी होतात, तसं या दुखण्यात होत नाही. गोळी थांबली की ते उतरतं.

म्हणून मला तुम्हाला एक प्रश्न विचारायचाय, आणि हाच डॉक्टरही विचारतील: या तीन आठवड्यांत बोटं किती सुधारली? काही डॉक्टर दुखणं गोळीचंच आहे का हे बघायला स्वतःहून गोळी दोन-तीन आठवडे थांबवतात. तुम्ही ते न विचारता केलंत, पण त्यातून कळलेलं फुकट जाणार नाही. 'पहिल्या आठवड्यात फरक नव्हता, आता मूठ अर्धी मिटते' असं काही असेल तर तसंच सांगा. काहीच फरक नसेल तर तेही सांगा, कारण मग दुखण्याचं कारण दुसरीकडं शोधावं लागेल. मनानं गोळी सुरूही करू नका आणि राहिलेल्या गोळ्या भरून काढायला दोन-दोन तर मुळीच घेऊ नका. डॉक्टर त्याच दिवशी सांगतील.

ते काय करू शकतात, ते आधीच माहीत असलेलं बरं. याच घराण्यातली दुसरी गोळी देऊन बघता येते. एक सोसत नाही, पण दुसरी सोसते असं पुष्कळ बायकांच्या बाबतीत होतं. तिन्ही सोसल्या नाहीत तर टॅमॉक्सिफेन उरते. तिच्यानं सांधे कमी धरतात, हाडंही टिकतात, पण पायात रक्ताची गाठ होणं आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग हे तिचे थोडे पण खरे धोके आहेत. ती घेताना अंगावरून थेंबभर रक्त गेलं तरी सांगावं लागतं. रक्तातलं ड जीवनसत्त्व तपासतील, ते कमी असेल तर दुखणं वाढू शकतं. दुखणं फारच असेल तर ड्युलोक्सेटीन नावाचं औषध काहींना उपयोगी पडतं. तुमच्या बीपीच्या किंवा इतर गोळ्या असतील तर त्या दाखवल्याशिवाय ते सुरू करायचं नसतं. मेडिकलमधून मनानं आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या महिनोन् महिने खाऊ नका, पोट आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडतात.

घरात करण्यासारखं सांगते, आणि यातलं पहिलं ऐकून तुम्ही नाक मुरडाल हे मला माहीत आहे. चालायचं. दुखतंय म्हणून बसून राहिलं की जास्त धरतं. अमेरिकेत याच गोळ्या घेणाऱ्या, सांधे धरलेल्या बायकांचा अभ्यास झाला. आठवड्याला एकूण १५० मिनिटं भरभर चालण्यासारखी हालचाल आणि दोनदा ताकदीचा व्यायाम, असं वर्षभर करणाऱ्यांचं दुखणं जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झालं. १५० मिनिटं म्हणजे आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास. तुम्ही म्हणाल, दिवसभर राबते की मी. पण विड्या वळताना तुम्ही तासन् तास मांडी घालून, मान खाली घालून बसता. त्याला काम म्हणतात, व्यायाम नाही. उन्हं उतरल्यावर मळ्याच्या वाटेनं सुनेला सोबत घेऊन जा.

सकाळी उठल्या उठल्या सूप मांडीवर घेऊ नका. आधी कोमट पाण्यात दोन्ही हात दहा मिनिटं बुडवून पाण्यातच मूठ मिटा-उघडा. चुलीपुढची कामं होऊ द्या, बोटं सैल झाली की मग बसा. पानं कातरायचं काम काही दिवस सुनेकडं किंवा पोरीकडं द्या, कात्रीनं अंगठ्यावर सगळ्यात जास्त जोर येतो. दर अर्ध्या तासानं उठून हात झटका. कामाचे पैसे हजारावर मिळतात, त्यामुळं हे सांगणं सोपं आणि करणं अवघड आहे, हे मला कळतं. पण दुसरी गोळी सोसते की नाही हे कळायला दोन-तीन महिने लागतात. तेवढ्या महिन्यांचा हिशेब घरात उघड मांडा.

हातांबद्दल आणखी दोन खुणा. रात्री अंगठा आणि पहिली दोन बोटं मुंग्या येऊन बधिर होत असतील, किंवा एखादं बोट वाकल्यावर अडकून टक्कन सुटत असेल, तर ते वेगळं सांगा. त्यावर वेगळा उपाय असतो, पट्टा किंवा एखादं इंजेक्शन. आणि डावा हात! तुमच्या काखेतल्या गाठी काढल्यात, त्यामुळं त्या हातातलं पाणी नीट वाहून जात नाही. हात जड वाटला, सुजला, बांगडी घट्ट झाली, तर ती गोळीची सांधेदुखी नव्हे. त्या हाताला कात्रीची जखम झाली तर लगेच साबणानं धुवा. हात लाल, गरम झाला किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, सकाळची वाट बघू नका.

एक दुखणं असंही असतं की ते गोळीवर ढकलून चालत नाही. पाठीचा मणका, बरगडी, खुबा अशा एकाच ठिकाणी, रात्री झोपेतून उठवणारं, दोन-तीन आठवडे न हलणारं दुखणं असेल तर ते तपासायलाच हवं. दोन्ही हातांची बोटं, दोन्ही गुडघे असं जोडीनं धरणारं दुखणं बहुतेक गोळीचं असतं.

हाडांचं थोडक्यात. इस्ट्रोजेन कमी झालं की हाडं ठिसूळ होतात. त्यासाठी डेक्सा नावाची तपासणी गोळी सुरू करताना आणि पुढं एक-दोन वर्षांनी करतात. तुमची झाली नसेल तर विचारा. नाचणीची भाकरी आणि आंबील, तीळ, दूध-ताक हे जेवणात ठेवा, वर कॅल्शियमच्या गोळ्या लागतील का ते डॉक्टर ठरवतील. हाडं फारच विरळ असतील तर दर सहा महिन्यांनी झोलेड्रॉनिक अॅसिडचं इंजेक्शन देतात. त्याआधी दात तपासून घ्यावे लागतात, कारण हे इंजेक्शन चालू असताना दात काढला तर जबड्याची जखम भरायला त्रास होऊ शकतो. आपल्याकडच्या बायका मिश्री लावतात. तुम्ही लावत असाल तर आता ती सोडाच. हिरड्यांसाठी, तोंडाच्या कर्करोगासाठी, दोन्हीसाठी.

चूर्णवाल्यांबद्दल मी कडक बोलणार आहे. त्यांनी दिलेल्या पुडीत काय आहे ते तुम्हाला माहीत नाही, आणि तुमच्या अंगात काय चाललंय ते त्यांना माहीत नाही. कर्करोगाची गोळी बंद करायला सांगायचा त्यांना काही अधिकार नाही. पाळी गेलेल्या बायकांना म्हणून विकल्या जाणाऱ्या शतावरीसारख्या वनस्पतींत आणि सोयाच्या अर्काच्या कॅप्सूलमध्ये इस्ट्रोजेनसारखं वागणारी द्रव्यं असतात. ती या आजारात नकोत. काही पुड्यांत न सांगता स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं, त्यानं दुखणं झटक्यात थांबतं आणि हाडं आतून पोखरतात. जेवणातल्या साध्या सोयाबीनला भिऊ नका. पण ती पुडी आणि तिचा कागद तसाच डॉक्टरांना दाखवा.

आणि जे लिहायला तुम्हाला लाज वाटली, ते लिहिलंत हे फार बरं केलंत. अंगात इस्ट्रोजेन नसलं की योनीची त्वचा पातळ आणि कोरडी होते, आग होते, लघवीला वारंवार जावंसं वाटतं. गोळीचा हा ठरलेला परिणाम आहे. यात अस्वच्छ किंवा वाईट काही नाही. आधी लघवीची तपासणी करून जंतू नाहीत ना ते बघायचं. नसतील तर हार्मोन नसलेलं ओलावा टिकवणारं जेल मिळतं, ते आठवड्यातून दोन-तीनदा लावायचं. तिथं साबण, डेटॉल काही वापरू नका. एक मात्र लक्षात ठेवा: कोरडेपणासाठी दुसऱ्या कुणी डॉक्टरनं मलम दिलं तर 'यात इस्ट्रोजेन आहे का' हे विचारा, आणि कर्करोगाच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ते लावू नका. पुरुष डॉक्टरांपुढं बोलवत नसेल तर तिथल्या सिस्टरला बाजूला घेऊन सांगा, ती आत सांगेल.

या पत्राचं उत्तर पाळी नुकतीच थांबलेल्या बायकाही वाचतील, त्यांच्यासाठी दोन ओळी. केमोमुळं पाळी थांबली म्हणजे ती कायमची गेली असं नसतं. अंडाशय जागं असेल तर ही गोळी एकटी काम करत नाही. उलट अंडाशयाला चेव येऊ शकतो. ही गोळी चालू असताना पाळीसारखं रक्त दिसलं तर लगेच सांगायला हवं.

बाजारातलं कन्नड येतं पण दवाखान्यातलं नाही, ही अडचण आपल्या भागात घरोघरी आहे. बेळगावला तपासायला जाताना मराठीत कागदावर चार ओळी लिहून न्या: गोळी कधी सुरू केली, दुखणं कधी लागलं, कधी बंद केली, काय करता येत नाही. 'हात दुखतात' एवढंच म्हटलं तर पुढचा पेशंट आत येईल. 'मूठ मिटत नाही, विड्या निम्म्या झाल्या, म्हणून गोळी सोडली' असं म्हटलंत तर कुठलाही डॉक्टर पेन खाली ठेवून ऐकेल. मराठी बोलणारी सिस्टर किंवा मावशी तिथं नक्की भेटते, तिला आत थांबायला सांगा.

खर्चाचं तुम्ही लिहिलं नाहीत, तरी सांगते. लेट्रोझोल जनऔषधी केंद्रात बाहेरच्यापेक्षा बरीच स्वस्त मिळते. चिठ्ठीवर गोळीचं मूळ नाव आणि २.५ मिलिग्रॅम लिहून घ्या. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड दाखवून आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत गोळ्या आणि तपासण्या बसतात का ते विचारा. विडी कामगाराचं ओळखपत्र असेल तर तेही न्या, त्यावर केंद्राच्या कामगार कल्याण खात्याच्या आरोग्याच्या सवलती असतात.

मुलाला आज रात्री जेवताना सांगा. त्यालाच फोन लावायला सांगा, म्हणजे दोन कामं एकदम होतील. पुढची तारीख महिन्यानंतरची असली तरी तोवर थांबायचं नाही, 'मधे दाखवायचंय' म्हणून वेळ मागून घ्या. जाताना फाइल, गोळ्यांची उरलेली पट्टी आणि ती चुर्णाची पुडी पिशवीत घाला. नवी गोळी लिहून दिली तर सहा आठवड्यांनी बोटं कशी आहेत ते मला कळवा.